सरांचं शून्य आणि मांडीतली कळ

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘साठीच्या उंबरठ्यावरील आरोग्य’. हा विषय वाचून मलाच जांभई आली. त्यामुळे मी तो परस्पर बदलला आहे. गेली तीस-बत्तीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. निजलेल्याला बसवणं, बसलेल्याला उभं करणं आणि उभ्याला चालवणं एवढंच माझं काम. या कामात ज्याच्याशी रोज गाठ पडते त्या स्नायूबद्दल आज बोलणार आहे. आणि एक जुनी उधारीही फेडायची आहे.

नववीतला भौतिकशास्त्राचा तास तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. गृहपाठ न केलेल्या आम्हां सहा जणांना सरांनी मागच्या भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांत वाकून, नसलेल्या खुर्चीवर बसायला लावलं होतं. आणि फळ्यावर लिहिलं होतं, कार्य बरोबर बल गुणिले विस्थापन. सरांनी उदाहरण दिलं की, हमाल डोक्यावर पेटी घेऊन तासभर जागचा हलला नाही, तर त्याने केलेलं कार्य शून्य. मी भिंतीपाशी थरथरत विचारलं, “सर, मग आमच्या मांड्या का भरून आल्यात?” वर्ग हसला. सर म्हणाले, “ते जीवशास्त्राच्या बाईंना विचार.” मी मधल्या सुट्टीत विचारलं. बाई म्हणाल्या, “बल आणि विस्थापन ना? तो प्रश्न सरांच्या विषयातला आहे.” सर आणि बाई, आज तुम्ही दोघेही पहिल्या रांगेत शेजारी बसला आहात, तेव्हा आता पळवाट नाही. उत्तर मीच शोधून आणलं आहे.

आधी बाईंच्या तासाची थोडी उजळणी. स्नायू ऊती तीन प्रकारच्या, हे आपण घोकलं होतं: पट्टकी, अपट्टकी आणि हृदय स्नायू. हाडांना जोडलेले आणि आपल्या मर्जीने हलणारे ते पट्टकी. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात म्हणून ते नाव. आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भिंतींत असतात ते अपट्टकी, आणि ते आपलं ऐकत नाहीत. हृदयाचा स्नायू पट्टेवाला असूनही आपलं ऐकत नाही. दिवसाला सुमारे एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. त्याच्या पेशींना फांद्या असतात आणि त्या एकमेकींना अशा जोडलेल्या असतात की एकीला मिळालेला इशारा लगेच सगळ्यांत पसरतो. हृदयावर बोलणारे आपल्या तुकडीत दोन डॉक्टर आहेत, ते त्यांच्यावर सोडते.

शब्दांचीही एक गंमत सांगते. सुश्रुताने शरीरात पाचशे ‘पेशी’ आणि नऊशे ‘स्नायू’ मोजले आहेत. पण त्याच्या भाषेत पेशी म्हणजे आपण आज ज्याला स्नायू म्हणतो ते, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट पट्टे. मराठीत दोन्ही शब्द एकेक घर पुढे सरकले. आपण दंड फुगवून ‘बेटकुळी’ काढून दाखवतो तेव्हा आपल्याला कातडीखाली बेडूक दिसतो. युरोपातल्या लोकांना तिथे उंदीर दिसला. मसल हा शब्द लॅटिनमधल्या ‘छोटा उंदीर’ या शब्दावरून आला आहे. मला आपला बेडूकच पटतो.

आता स्नायूच्या आत शिरू. मांसाहारी मंडळींनी शिजलेलं चिकन डोळ्यांपुढे आणावं, शाकाहाऱ्यांनी काथ्याचा दोर. दोन्हींत लांब धागे सुटतात. स्नायूतला असा एक तंतू म्हणजे एकच पेशी. ती केसासारखी बारीक, पण कधी कधी कित्येक सेंटिमीटर लांब असते, आणि तिच्यात शेकडो केंद्रकं असतात. या तंतूत आणखी बारीक तंतुकं असतात. प्रत्येक तंतुकावर एकामागोमाग एक अशा छोट्या खोल्या असतात. एका मिलिमीटरमध्ये साडेचारशेच्या आसपास. आपल्या म्हाडाच्या इमारतीतल्या लांब व्हरांड्यासारख्या, सगळ्या एकाच मापाच्या. प्रत्येक खोलीत दोन्ही भिंतींतून बारीक धागे आत आलेले असतात, त्यांचं नाव ॲक्टिन. मध्यभागी जाड धागे असतात, त्यांचं नाव मायोसिन. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत सरकवले तर कंगवे आखूड होत नाहीत, पण दोघांची मिळून लांबी कमी होते. स्नायूचं आकुंचन म्हणजे नेमकं हेच. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

त्यापूर्वी अनेक शास्त्रज्ञांची समजूत होती की धागेच दुमडत असावेत किंवा आकसत असावेत. मे १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख लागोपाठ आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता. दोन्ही हक्सलींचं आपसांत काही नातं नव्हतं, आणि दोन्ही जोड्यांनी काम वेगवेगळं केलं होतं. आपण शाळेत होतो तेव्हा हा शोध तीस वर्षांचा होत आला होता, पण पुस्तकात पट्टे होते आणि पट्ट्यांचं कारण नव्हतं. बाई, हा तुमच्यावर ठपका नाही, मंडळाच्या पुस्तकावर आहे.

हे सरकणं घडवतं कोण? मायोसिनच्या धाग्याला असंख्य छोटी डोकी असतात. मज्जातंतूकडून इशारा आला की तंतूत कॅल्शियम सुटतं. त्यामुळे ॲक्टिनवरची झाकणं बाजूला होतात, मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात आणि खेचतात. एका खेचीत सरकतं किती? साधारण मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढं. मग डोकं सुटतं, मागे येतं, पुन्हा पकडतं, पुन्हा खेचतं. विहिरीवर पोहरा ओढताना आपण हात बदलत दोर खेचायचो, तसंच.

यातली एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी चमकले होते. प्रत्येक खेपेला एटीपी नावाचं इंधन खर्च होतं, आणि त्या इंधनाशिवाय पकडलेलं डोकं सुटत नाही. सोडायलासुद्धा इंधनच लागतं. म्हणून माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठ होतं. इंधन संपलेलं असतं आणि पकडलेली डोकी तशीच अडकून राहिलेली असतात.

सर, आता तुमचं शून्य. आपल्या मैदानावर क्रीडादिनाला रस्सीखेच व्हायची. दोन्ही गट तोडीस तोड असले की मधला रुमाल जागचा हलायचा नाही. तुमच्या सूत्राप्रमाणे रुमालावर झालेलं कार्य शून्य. ते बरोबरच आहे. पण दोरीच्या दोन्ही टोकांना माणसं घामाघूम झालेली असायची. मी भिंतीपाशी गुडघे वाकवून बसले होते तेव्हा माझ्या मांडीच्या प्रत्येक तंतूत अशा कोट्यवधी रस्सीखेची चालू होत्या. पकड, खेच, सोड, पुन्हा पकड. बाहेर विस्थापन नाही, आत मात्र इंधन जळत होतं आणि त्याची उष्णता होत होती. टेबलावर पेटी ठेवली तर टेबल दमत नाही, कारण टेबलाला ती धरून ठेवायला काही खर्च करावा लागत नाही. स्नायू म्हणजे टेबल नव्हे. त्यातून स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्या आतल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त कमी, प्राणवायू कमी, म्हणून ती कळ. आणि थरथर का? सगळे तंतू एका वेळी काम करत नाहीत. एकेका मज्जातंतूच्या हाताखाली तंतूंची एकेक टोळी असते. टोळ्या पाळीपाळीने लागतात तोवर पाय स्थिर राहतो. टोळ्या दमत गेल्या की पाळ्यांची घडी बिघडते आणि पाय लटपटतो. तेव्हा सर, शून्यही बरोबर आणि माझी तक्रारही बरोबर. (टाळ्या)

याच्या अगदी उलट स्वभावाचा स्नायू कालवांत असतो. ते शिंपला तासन्‌तास घट्ट मिटून धरतात आणि इंधन जवळजवळ खर्चत नाहीत. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले अपट्टकी स्नायूही असेच काटकसरी आहेत. पण कालव धावू शकत नाही. आपल्या पायांना धावायचंही असतं, त्यामुळे त्यांचा खर्च मोठा.

या रस्सीखेचीचं सगळ्यांत मोठं जाहीर प्रदर्शन कुठे होतं ते तुम्हांला सांगायला नको. इथेच, आपल्या वर्तकनगरमध्ये. आपल्या लहानपणी तीन-चार थरांची हंडी असायची, वरच्या गॅलरीतून बादल्यांनी पाणी पडायचं आणि बक्षीस म्हणून नारळ मिळायचा. मग हंड्यांना मंच, कर्णे आणि लाखांची बक्षिसं आली. ते मला फारसं आवडत नाही, हे सांगून टाकते. पण १० ऑगस्ट २०१२ ला मी त्या गर्दीत उभी होते. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने इथे नऊ थर लावले, ४३ फुटांहून उंच. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुढे न्यायालयात वयाची आणि उंचीची लढाई झाली. आणि १६ ऑगस्ट २०२५ ला इथेच जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर लावले.

सगळे वर बघत होते. माझा धंदाच असा की मी खाली बघत होते. सगळ्यांत खालच्या थरातली माणसं एकमेकांच्या खांद्यांत हात गुंफून, मान खाली घालून उभी होती. त्यांचं विस्थापन शून्य. पोटऱ्या, मांड्या, नितंब, पाठीचा कणा धरून ठेवणारे लांब स्नायू, मान, सगळं एकाच वेळी आवळलेलं. वरचा प्रत्येक जण जरा हलला की खालच्यांना त्याच क्षणी तेवढी भरपाई करावी लागते. हे काम मेंदूपर्यंत विचारायला न जाता बरंचसं मणक्याच्या पातळीवर होतं, कारण स्नायूंच्या आत ताण मोजणारी सूक्ष्म इंद्रियं असतात. स्नायू नुसते ओढत नाहीत, ते जाणतातही. स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात, आणि २०१० साली युनेस्कोने ती परंपरा आपल्या यादीत घेतली. तिथले लोक कमरेला रुंद कापडी पट्टा करकचून गुंडाळतात. पाठीला आधार, आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला पायरी. आमचे गोविंदा सराव सुरू करतात गुरुपौर्णिमेच्या सुमारास. महिना-दीड महिन्यात स्नायू फार जाड होत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंची शिस्त. किती टोळ्या एकदम लावायच्या आणि कुठल्या आधी, हे मज्जासंस्था शिकते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता ज्यासाठी उभी राहिले ते.

तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचं वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतं, आणि साठीनंतर जास्त वेगाने. याला १९८९ मध्ये नाव मिळालं, सार्कोपेनिया, म्हणजे ग्रीकमध्ये मांसाची गरिबी. गंमत अशी की वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी येते. कमरेचा पट्टा त्याच छिद्रात लागतो आणि माणूस खूश राहतो. तंतूंमध्ये संथ आणि जलद असे प्रकार असतात. संथ तंतू चिवट असतात, ते दिवसभर उभं राहायला आणि चालायला लागतात. जलद तंतू झटक्यासाठी. वयाबरोबर जास्त झिजतात ते जलद. ठेच लागल्यावर पुढचा पाय झटकन टाकून तोल सावरायचा असतो, ते काम त्यांचं. म्हातारी माणसं पडतात त्याचं एक कारण इथे आहे. तिसाव्या वर्षीही ठेच लागतच होती, पण तेव्हा पाय वेळेवर पोचायचा.

दुसरी गोष्ट साखरेची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झालं की माल रस्त्यावर पडून राहतो. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी कोणी ना कोणी एचबीएवनसी विचारत असतो, त्यांनी आपल्या मांडीचा घेरही बघावा.

आता माझ्या घरातली गोष्ट. ती मी कार्यशाळांत सांगत नाही. आज सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी माझ्या आईच्या हातचं खाल्लं आहे.

आई इथेच तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नव्हती, ५४ पायऱ्या. शहात्तराव्या वर्षीही ती दर गुरुवारी साईबाबांच्या मंदिरात जाऊन, येताना भाजीची पिशवी घेऊन स्वतः चढायची. २०१६ च्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस रुग्णालयात होती. बरी होऊन घरी आली. आणि मी, लोकांना उभं करणारी बाई, तिला म्हणाले, “आता नुसता आराम कर.” पाणी हातात, ताट हातात. तीन आठवडे मी तिला पलंगावरून फारसं उठू दिलं नाही. मला ते प्रेम वाटत होतं. एके सकाळी कमोडवरून तिला उठता येईना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “पाय कुठे गेले गं माझे?”

खरोखरच गेले होते. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ते निरोगी होते. आई आजारातून उठलेली होती आणि तिचे दहा नाही, तीस दिवस झाले होते. मी तो निबंध वाचलेला होता. दुसऱ्यांच्या आयांना मी तो सांगतही होते.

पुढचे पाच महिने आम्ही दोघींनी पाय परत आणले. पलंगाच्या कडेवर दोन उश्या ठेवून बसायचं आणि उठायचं. ते जमलं की एक उशी काढायची. मग खुर्ची. मग हात छातीवर ठेवून खुर्ची. घोट्याला पिशवी बांधून त्यात तांदूळ, आधी पाव किलो, मग अर्धा. मग जिन्याची एक पायरी, चढ-उतर. ती अंडं खात नसे, म्हणून पिठलं, मोडाची मटकी, दही, मुगाचं धिरडं, प्रत्येक जेवणात काहीतरी. आपल्याकडे चहा-पोळी आणि वरणाचं पाणी यावर म्हाताऱ्यांची बोळवण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, आणि वयस्कांना एक ते सव्वा ग्रॅम लागतात असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. ज्यांची मूत्रपिंडं दुखावली आहेत त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावं.

पहिल्या तीन आठवड्यांत आईची मांडी सुतभरही वाढली नव्हती, पण ती खुर्चीवरून उठायला लागली होती. मघाशी म्हटलं ती मज्जातंतूंची शिस्त, गोविंदांची. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. एकाला मध्येच सोडावं लागलं. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे नव्वदीतही स्नायू विचारतो, काम आहे का?

पाचव्या महिन्यात आई ५४ पायऱ्या उतरली. १४ मिनिटं लागली. खालच्या कट्ट्यावर बसून तिने पहिली तक्रार केली ती भाजीवाला बदलल्याची. चढताना शेजाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर एकेक खुर्ची आणून ठेवली होती. ती दोनच खुर्च्यांवर बसली, तिसरीवर मुद्दाम नाही बसली. पुढे चार वर्षं ती गुरुवारी उतरत राहिली. भाजीची पिशवी मात्र तिने पुन्हा कधी चढवली नाही. तेवढे पाय काही परत आले नाहीत, आणि ते माझ्या खात्यावर आहेत.

आपल्यातले बरेच जण उपवनला चार फेऱ्या मारतात आणि ग्रुपवर पावलांचा आकडा टाकतात. छान आहे, सोडू नका. पण सपाटीवरचं चालणं मुख्यतः संथ तंतूंना आणि हृदयाला काम देतं. जलद तंतूंना त्यात फारसं काम मिळत नाही. आठवड्यातून दोनदा तरी त्यांना ओझं हवं. जिना, खुर्ची, तांदळाची पिशवी, काहीही. श्वास रोखून धरायचा नाही, आणि ज्यांना रक्तदाब किंवा छातीचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. इमारतींचा पुनर्विकास होतोय, लिफ्ट येतेय म्हणून सगळे आनंदात आहेत, मीही आहे. फक्त ५४ पायऱ्यांचा जो फुकटचा आखाडा आपल्याला पन्नास वर्षं मिळाला, तो जाणार आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

माझी वीस मिनिटं संपत आली. आता तुमची तीस सेकंदं. सगळ्यांनी खुर्चीच्या मध्यावर बसा, पाठ टेकू नका, हात छातीवर आडवे. मी ‘सुरू’ म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं, आणि मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला तीस सेकंदांत चौदा आणि बाईला बारा वेळा जमायला हवं. आपण अजून साठीलाही पोचलो नाही, तेव्हा सवलत नाही. गुडघे बदललेल्यांनी फक्त मोजायचं. सर, तुम्हांला आग्रह नाही...

(इथे सर उठून उभे राहिले. टाळ्या.)

बरं सर. पण एक लक्षात आलं का? उठून परत त्याच खुर्चीवर बसायचं आहे. म्हणजे विस्थापन पुन्हा शून्यच. चला, सुरू!